संगोपन, वंचितता आणि विधिसंघर्षग्रस्त बालक (ठाणे-नवी मुंबई)

गुन्ह्याच्या आरोपावरून ताब्यात घेतलेल्या १८ वर्षांखालील मुलाला कायदा आता ‘बालगुन्हेगार’ म्हणत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो. वस्तीत मात्र जुनाच शब्द चालतो आणि तो मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो.

असे मूल अनाथ किंवा बेघर असणार, हा समज पक्का आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वेगळे सांगते : ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुले आईवडिलांजवळच राहत असतात. घर असते, पण दुपारी घरात कोणी नसते. लोकमान्यनगर, कळव्याचा डोंगरउतार, दिघा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्यांतली आई सकाळीच सोसायट्यांत धुणीभांड्याला जाते. बाप नाक्यावर कामाची वाट पाहत उभा असतो. मोफत शिक्षणाचा हक्क १४ वर्षांपर्यंतच असल्याने आठवीनंतर शाळा सुटायला एखादे आजारपणही पुरते. ती रिकामी दुपार मग गल्लीतला ‘भाई’ भरून काढतो. आधी वडापाव, नंतर मोबाइल, शेवटी ‘एवढी पुडी पोचवून ये’. मुलांना असे वापरणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे, पण पोलिसांच्या हाती आधी लागते ते मूलच.

त्याच गल्लीतली बहुतेक मुले या वाटेला जात नाहीत. त्यामुळे गरिबीलाच गुन्ह्याचे कारण मानणे अन्यायाचे आहे. दक्षिण लंडनमधील ४११ मुलांचा १९६१ पासून दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासात कमी उत्पन्नाबरोबरच पालकांची अपुरी देखरेख, घरातील कलह आणि शाळेतील अपयश हे धोक्याचे घटक आढळले. एकाच घरात हे सारे साचले की धोका वाढतो.

जन्मावरून शिक्का मारण्याचा इतिहास आपल्याकडेही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांना जन्मतःच संशयित ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द झाला, संशय उरला. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सुरू झालेल्या सिग्नल शाळेचे मोल इथे कळते. सिग्नलवर फुले विकणारी, बरीचशी पारधी कुटुंबांतली मुले तिथे दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली असतात. आंघोळ, जेवण, अभ्यास तिथेच होतो.

मूल बाल न्याय मंडळापुढे आल्यावर परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. घरात कोण आहे, शाळा कधी सुटली, नशा कोणी लावली, मारहाण होते का, हे त्यात यावे लागते. हा कागद घाईत भरला, तर मंडळासमोर फक्त गुन्हाच उरतो. चौकशी चालू असताना मुलाला भिवंडीच्या निरीक्षणगृहात ठेवले, तर भेटायला जाणाऱ्या आईचा खाडा पडतो, आणि त्या दिवशी धाकटी भावंडे घरात एकटी असतात.