लिंकन आणि सम्नर: भांडण सिनेटमध्ये, मॅकबेथ बोटीवर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आणि सिनेटर चार्ल्स सम्नर, या दोघांची दोस्ती समजून घ्यायची तर 9 एप्रिल 1865 च्या रविवारपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. 'रिव्हर क्वीन' ही आगबोट व्हर्जिनियातून वॉशिंग्टनकडे परत चाललेली, यादवी युद्ध संपत आलेलं (त्याच दिवशी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, पण बोटीवर अजून पत्ता नव्हता) आणि लिंकन शेक्सपिअर उघडून तासन्‌तास मोठ्याने वाचतायत. ऐकणाऱ्यांत सम्नर. 'मॅकबेथ' नाटकात राजा डंकनचा खून केल्यावर मॅकबेथ म्हणतो ना, की तो आता थडग्यात निवांत झोपलाय, त्याला कशाचीच भीती नाही, तिथे लिंकन थांबले, खुन्याच्या मनाची तडफड किती खरी उतरलीये ते सांगितलं आणि तोच भाग परत वाचला. पाचच दिवसांनी त्यांना नाटक बघताना गोळी लागली. हे वाचलं की अंगावर काटा येतो.

खरं तर दोघांचं जमण्यासारखं काहीच नव्हतं. लिंकन खेड्यातले, सगळं मिळून वर्षभरही शाळा झाली नाही, शेक्सपिअर स्वतःच वाचून वाचून मुरवला. 1863 मध्ये हॅकेट नावाच्या नटाला त्यांनी लिहिलं होतं की मॅकबेथच्या तोडीचं काही नाही, ते पत्र छापून आलं आणि पेपरवाल्यांनी टिंगल केली. सम्नर मात्र बॉस्टनचे, हार्वर्डचे, तरुणपणी युरोप फिरलेले. रोममध्ये त्यांना थॉमस क्रॉफर्ड हा गरीब शिल्पकार भेटला आणि त्याच्या ऑर्फियसच्या (ग्रीक पुराणातला गायक) पुतळ्यासाठी त्यांनी बॉस्टनकरांकडून वर्गणी गोळा केली. पुढे कॅपिटॉलच्या (वॉशिंग्टनमधलं अमेरिकी संसदेचं भवन) घुमटावरची 'फ्रीडम'ची मूर्ती याच क्रॉफर्डने घडवली, ती 1863 मध्ये, लिंकनच्या काळातच वर चढली.

22 मे 1856 ला गुलामगिरीविरुद्धच्या भाषणावरून एका दक्षिणी खासदाराने सम्नरना सिनेटमध्येच काठीने रक्तबंबाळ केलं. सावरायला तीनेक वर्षं गेली, आणि त्या काळात त्यांना जुन्या एन्ग्रेव्हिंग्जचा (पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा) नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

राजकारणात मात्र सम्नर लिंकनना सारखे टोचायचे, गुलामांना मुक्त करायला उशीर का, म्हणून. फेब्रुवारी 1865 मध्ये तर लुइझियाना या बंडखोर दक्षिणी राज्याच्या नव्या सरकारला मान्यता द्यायचा लिंकनचा बेत त्यांनी सिनेटमध्ये अडवूनच धरला आणि सगळ्यांना वाटलं, झालं, दोस्ती संपली. लिंकननी काय केलं? शपथविधीच्या नाचाला आमच्याबरोबर चला म्हणून चिठ्ठी पाठवली, सोबत तिकीट. 6 मार्चला सम्नर मेरी लिंकनना हात देऊन सगळ्यांसमोर आत शिरले. माझ्या मते इथे मोठेपणा लिंकनचा, सम्नरचा स्वभाव जरा ताठच होता.

लिंकन गेले त्या रात्री सम्नर उशाशी बसून त्यांचा हात धरून रडत होते. पुढच्याच वर्षी, 1866 मध्ये, लिंकनच्या पुतळ्याचं काम 18 वर्षांच्या व्हिनी रीमला द्यायचं ठरलं, तेव्हा सम्नर सिनेटमध्ये उभे राहून जोरात विरोधात बोलले, एवढ्या कोवळ्या पोरीला हे झेपणार नाही म्हणून. ते हरले. तिचा संगमरवरी लिंकन आजही कॅपिटॉलच्या घुमटाखाली उभा आहे.