कोडी घातली म्हणजे निवड कडक होत नाही

मॅनहोलचं झाकण गोल का असतं? विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील? असे प्रश्न विचारले की हुशार माणूस बरोबर हाती लागतो, हा समज नोकरभरती करणाऱ्यांमध्ये खोल मुरला आहे. तो चुकीचा आहे. अशा कोड्यांसाठी गाजलेल्या गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये सांगितलं, की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यातून विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं.

‘पाच मिनिटांत माणूस ओळखतो’ हा दावाही तसाच. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. पुढच्या कामगिरीशी रचनाबद्ध मुलाखतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा जेमतेम ०.१९. अनुभवाच्या नुसत्या वर्षांचा तर ०.०७!

रचनाबद्ध म्हणजे काय? प्रश्न कामाशी निगडित आणि सगळ्यांना तेच, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवलेलं, आणि प्रत्येक परीक्षकाने चर्चेआधी स्वतंत्रपणे दिलेले गुण. मला हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं, कारण साहेबांचं मत एकदा कानावर पडलं की बाकीचे नकळत तिकडेच झुकतात. शिवाय प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घ्यावा: हिशेबनीसाला चुका असलेला ताळेबंद द्या आणि त्या शोधायला सांगा.