रिअल-टाइम डेटाबेसमधील सेवा-गुणवत्तेचे नियमन

रिअल-टाइम डेटाबेसमध्ये उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते मुदतीत यावे लागते आणि ज्या नोंदींवरून ते काढले, त्याही शिळ्या नसाव्या लागतात. कामाचा ओघ अचानक वाढला की दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. अशा वेळी काय, किती आणि कोणत्या क्रमाने सोडायचे हे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे सेवा-गुणवत्तेचे नियमन.

उदाहरणादाखल सांगलीतील पूरमाहितीचा डेटाबेस घेऊ. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून विसर्ग वाढला की पातळी विचारणाऱ्यांची झुंबड उडते, आणि सेन्सरच्या नोंदीही नेमक्या तेव्हाच महत्त्वाच्या असतात. पातळीची नोंद 10 मिनिटे ग्राह्य धरली, तर ती दर 5 मिनिटांनी लिहावी लागते. कारण दर 5 मिनिटांच्या पाळीत नोंद केव्हाही लिहिली जाऊ शकते : एक नोंद आपल्या पाळीच्या सुरुवातीला आणि पुढची पाळी संपताना लिहिली गेली, तर मधले अंतर जवळपास दुप्पट होते.

ज्याची मुदत जवळ ते काम आधी, हा नियम प्रोसेसरवरचा भार 100 टक्क्यांच्या आत असेतो उत्तम चालतो. त्यापुढे मात्र हुकणारच असलेले काम वेळ खाते आणि मागची कामेही एकापाठोपाठ हुकतात. म्हणून फीडबॅक लागतो. ठराविक अंतराने हुकलेल्या मुदतींचे प्रमाण मोजायचे आणि उद्दिष्टाशी पडलेल्या फरकावरून कंट्रोलरने, म्हणजे भाराचे नियंत्रण करणाऱ्या भागाने, भार घटवायचा. 5 टक्के उद्दिष्टावर 30 टक्के उसळी मान्य असेल, तर प्रमाण क्षणभर 6.5 टक्क्यांपर्यंत गेलेले चालते. मोजणीचा कालखंड फार छोटा ठेवला तर दोन-चार कामांवरूनच आकडा उड्या मारतो. फार मोठा ठेवला तर लोंढा येऊन गेल्यावर जाग येते. शिवाय निवांत वेळी हे प्रमाण शून्यावरच थांबते आणि किती क्षमता शिल्लक आहे ते कळत नाही. त्यासाठी प्रोसेसरचा वापरही मोजतात, त्यावर दुसरा कंट्रोलर ठेवतात आणि दोघांपैकी जो कमी भार सुचवेल त्याचे ऐकतात.

भार घटवण्यासाठी पहिली सवलत ताजेपणात. लिहिण्यापेक्षा वाचल्या कमी जाणाऱ्या नोंदी मागणी आल्यावरच ताज्या करतात. मात्र वाचनाची संख्या म्हणजे महत्त्व नव्हे : इशारा काढण्यासाठी लागणारा दुर्गम पर्जन्यमापक या यादीत कधीही टाकू नये. दुसरी सवलत अचूकतेत. फरक 2 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर नवी नोंद लिहायची नाही. तुलना डेटाबेसमध्ये असलेल्या आकड्याशीच हवी. नुकत्याच वगळलेल्या वाचनाशी केली, तर दर वेळी 1 सेंटिमीटर चढणारे पाणी डेटाबेसला कधीच दिसणार नाही, आणि पुराच्या कामात याहून घातक चूक नाही.

एवढ्याने भागले नाही तरच नव्या मागण्या नाकारतात. नाकारलेल्यांचा आकडा हुकलेल्या मुदतींच्या शेजारीच दाखवला पाहिजे. तसे न केल्यास निम्मे लोक परत पाठवूनही अहवालात शून्य टक्के दिसू शकते.