पार्श्वभूमी: रक्त चढवताना वॉर्डात फिरणारा 'अर्धा तास' आला कुठून

पॅक सेलची, म्हणजे प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशींची, बॅग वॉर्डात आली की 'अर्धा तास' हा शब्द कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येतोच. एक सिस्टर म्हणते अर्ध्या तासाच्या आत लावून टाका, दुसरी म्हणते थांब, अर्धा तास बाहेर राहू दे, थंडगार रक्त लावायचं नसतं, आणि रक्तपेढीवाले फोनवर सांगतात की अर्धा तास होऊन गेला, आता बॅग परत घेता येणार नाही. या तिघांचा अर्धा तास एक नाही. पण ड्युटीवर नवीन लागलेल्या मुलींना हे कोणी सुटं करून सांगत नाही, त्या बिचाऱ्या जी सिनियर समोर असेल तिचं ऐकतात. म्हणून थोडं मागे जाऊन बघूया.

रक्तगट, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटला जुळतं का ते लॅबमध्ये बघणं) यात शिरत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते की सुरुवातीला रक्त चढवणं हे काम नर्सचं नव्हतंच. दाता आणि पेशंट शेजारी शेजारी झोपवून सर्जनने करायचं ते एक ऑपरेशनच होतं. १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेट घालून रक्त न गोठवता ठेवता येतं हे कळलं, मग साठवण सुरू झाली, आणि रक्त दात्यापासून वेगळं झालं तसं ते हळूहळू सर्जनच्या हातून वॉर्डात आलं. बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात १९४० मध्ये शिरेतून द्यायच्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी पहिल्यांदा एका नर्सकडे दिली गेली. आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी सुई आणि पहिला थेंब इंटर्नचा असतो, पण तो दहा मिनिटांत पुढच्या कॉलला पळतो, आणि पेशंटला थंडी वाजून आली, कंबर दुखायला लागली, लघवी लाल झाली हे दिसतं ते सिस्टरला. पहिली पंधरा मिनिटं बेडजवळून हलू नये असं म्हणतात ते उगाच नाही, गट चुकलेल्या रक्ताचा तडाखा थोड्याशा रक्तातही बसायला लागतो.

काचेच्या बाटल्यांचा काळ माझ्या आधीचा, पण आमच्या ट्यूटर त्याच बाटल्यांवर शिकलेल्या. बाटलीत हवा जायला वेगळी सुई घालावी लागायची आणि बाटली संपत आली की नजर हलवायची सोय नसायची, कारण हवा शिरेत जायची भीती. प्लास्टिकची बॅग १९५० च्या आसपास अमेरिकेत निघाली, आपल्याकडे सगळीकडे पोचायला फार वर्षं गेली. बॅगेमुळे रक्ताचे घटक वेगळे करता आले, म्हणजे होल ब्लड (सगळं रक्त आहे तसं) जाऊन पॅक सेल आले. २ ते ६ अंशांत ठेवलं की सीपीडीए-१ या द्रावणातलं रक्त ३५ दिवस आणि सॅगएम हे द्रावण घातलेली पॅक सेलची बॅग ४२ दिवस टिकते.

आता अर्धा तास.

पहिला अर्धा तास हा रक्तपेढीचा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रिजमधून काढलेल्या बॅगा बाहेर ठेवून त्यांचं तापमान किती वेळात किती चढतं हे मोजलं गेलं. प्रश्न असा होता की न वापरलेली बॅग वॉर्डातून परत आली तर पुन्हा साठ्यात घ्यायची का. १० अंशांच्या वर गेलेली घ्यायची नाही, आणि तिथवर जायला लागणारा वेळ बघून सुरक्षित बाजूने अर्धा तास धरला. बस, एवढीच त्याची गोष्ट. हा नियम बॅग परत घेण्याचा होता, पेशंटला लावण्याचा नव्हता. आणि तोही दगडावरची रेघ राहिला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ब्रिटनने पुन्हा मोजमापं बघून काही अटींवर ६० मिनिटांपर्यंत सूट दिली, अशी बॅग परत आली की निदान ६ तास फ्रिजमध्ये बाजूला ठेवायची आणि एका बॅगेच्या बाबतीत असं तीनपेक्षा जास्त वेळा करायचं नाही. पण आपल्या वॉर्डांत हा नियम पोचेपर्यंत त्याचं रूप बदललं होतं, 'अर्ध्या तासात लावली नाही तर रक्त खराब' असं. मग काय होतं, की शीर सापडत नाहीये, पेशंटला ताप आहे, डॉक्टर राऊंडला आहेत, आणि घड्याळाकडे बघत सिस्टर घाई करते, आणि घाईत नेमकं पेशंटचं नाव आणि बॅग ताडून बघायचं चेकिंग सुटतं. माझ्या मते या एका गैरसमजाने जेवढं टेन्शन दिलंय तेवढं दुसऱ्या कशाने दिलं नसेल. लवकर लावा हे बरोबरच आहे, पण चेकिंग अर्धवट टाकून नाही. खरी हद्द पुढे आहे, ती म्हणजे चार तास, त्याच्या आत बॅग संपली पाहिजे, कारण बाहेरच्या तापमानाला जंतू वाढू शकतात.

दुसरा अर्धा तास, म्हणजे बॅग बाहेर ठेवून 'रूम टेम्परेचरला आणायची', हा तर पहिल्याच्या बरोब्बर उलटा. याचं मूळ मला ऑपरेशन थिएटरमध्ये दिसतं. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका कॅन्सर हॉस्पिटलने आकडे दिले होते की ज्या पेशंटना ३ लिटरच्या वर रक्त भराभर आणि थंड दिलं, त्यांच्यात निम्म्याहून जास्त जणांचं हृदय टेबलावर थांबलं, आणि रक्त गरम करून द्यायला लागल्यावर ते प्रमाण एकदम खाली आलं. ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण ती मिनिटाला ५० मिली आणि त्याहून जास्त वेगाने रक्त ओतण्याची गोष्ट आहे. आपल्या फीमेल वॉर्डात हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईला दोन-तीन तासांत एक बॅग थेंब थेंब जाते, तिला ती थंड बॅग सरळ लावली तरी काही होत नाही, नळीतून जाता जाताच ती बरीचशी कोमट होते. बाळाची रक्त अदलाबदल, जोरात रक्तस्राव, थंडीने रक्तपेशी चिकटणारे पेशंट, इथे गरम करायचं आणि तेही ब्लड वॉर्मरनेच. गरम पाण्याच्या बादलीत बॅग बुडवली की पेशी फुटतात.

हे शिकले ते एका रात्रीमुळे. तेव्हा मी एका तालुक्याच्या ठिकाणी होते. बाळंतपणानंतर खूप रक्त गेलेल्या बाईचा भाऊ शहरातून बॅग घेऊन आला, एसटीने. बॅग त्याने बनियनच्या आत पोटाशी धरलेली, कोणीतरी त्याला सांगितलं होतं की थंड रक्त गेलं तर बहीण दगावेल. माझ्या हातात आली तेव्हा बॅग अंगाएवढी गरम होती आणि स्लिपवरची पेढीतून निघाल्याची वेळ बघितली तर पावणेतीन तास झालेले. ती बॅग लावली नाही. त्याला ते समजावताना माझी जीभ उचलत नव्हती, कारण त्याने जिवापाड जपून आणली होती. दुसऱ्या बॅगेसाठी पहाटेपर्यंत थांबावं लागलं. बाई वाचली. पण त्याला 'थंड नको' हे कोणी सांगितलं असेल? आपल्यातल्याच कोणीतरी.

रक्त नातेवाइकांच्या हातून येतं ही आपल्याकडची जुनी अडचण आहे आणि परदेशातल्या पुस्तकांत ती सापडत नाही. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०४ नंबरवर फोन केला की मोटरसायकलवरून थंड पेटीतून रक्त पोचवायची सरकारी योजना सुरू झाली होती, कल्पना फार चांगली होती, ती चालू राहायला हवी होती. आता कुठे थर्माकोलचा डबा मिळतो, कुठे नुसती कॅरीबॅग, आणि कोणी बर्फाला बॅग थेट चिकटवून आणतो, तेही वाईटच, पेशी गोठून फुटतात.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर सगळा जोर रक्त गोळा करण्यावर राहिला. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं, २००२ ला राष्ट्रीय धोरण आलं, २०२० मध्ये नियमांत 'ब्लड बँक' जाऊन 'ब्लड सेंटर' झालं (बोलताना सगळे अजून रक्तपेढीच म्हणतात). बेडजवळ काय होतं याकडे देशपातळीवर लक्ष गेलं ते डिसेंबर २०१२ मध्ये, रक्त चढवताना आलेली रिअ‍ॅक्शन कळवण्याची यंत्रणा सुरू झाली तेव्हा. ब्रिटनमध्ये असंच कळवणं १९९६ पासून चालू होतं आणि तिथे वर्षानुवर्षं एकच निघत आलं, की चुकीच्या पेशंटला रक्त जाण्यामागे बहुतेक वेळा माणसांच्या चुका असतात, आणि शेवटची तपासणी बेडजवळ चुकते. आपल्याकडे मेमोच्या भीतीने फॉर्म भरलाच जात नाही, रिअ‍ॅक्शन आली की अ‍ॅविल-हायड्रोकॉर्ट (अ‍ॅलर्जी दाबणारी इंजेक्शनं) देऊन पुढे.

आणि ओळख पटवणं आपल्याकडे किती अवघड आहे बघा. गरोदरपणाच्या कार्डावर माहेरचं नाव, केस पेपरवर सासरचं, सॅम्पलच्या नळीवर नुसतं 'सुनीता'. 'तुम्ही सुनीताच ना?' असं विचारलं की गुंगीतली बाई हो म्हणते. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं तर ती विचारते, "माहेरचं सांगू की सासरचं, सिस्टर?" ती असं विचारते तेव्हा मला हायसं वाटतं, कारण मग दोन्ही नावं आणि आयपीडी नंबर ताडून बघितलेच जातात. नवऱ्याला विचारून भागवायचं नाही, आणि दुसरी सिस्टर नुसती सहीपुरती नको, तिने स्वतः वाचायचं.

१९९९ मध्ये कॅनडाच्या अभ्यासाने दाखवलं की आयसीयूतल्या बहुतेक पेशंटना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त दिलं तरी चालतं, तेव्हापासून 'एक बॅग द्या, मग बघा' सुरू झालं. बॅगा कमी लागायला लागल्या ही चांगलीच गोष्ट.

राहता राहिला चार तासांचा प्रश्न, ते मोजायचे कधीपासून. कुठे फ्रिजमधून काढल्यापासून धरतात, कुठे बॅगेला सेट (रक्ताची नळी) टोचल्यापासून. मी पहिलं धरते, कारण बॅग रस्त्यात किती तापली हे आपल्याला दिसत नाही. आमच्याकडे आता स्लिपच्या मागे घड्याळातल्या तीन वेगवेगळ्या वेळा लिहितात, पेढीतून निघाली, सेट टोचला, बॅग संपली, आणि पहिली वेळ कोरी असेल तर टोचायच्या आधी पेढीला फोन करतात.