टी-३२चा पोस्टडॉक आणि प्रोजेक्टवरचा पोस्टडॉक

अमेरिकेत बालपोषणात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधन, करायचं म्हणून जाहिराती चाळायला बसलं की दोन प्रकारच्या जागा शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत मुलांचा आहार, लठ्ठपणा, शारीरिक हालचाल हेच शब्द, आणि पैसेही साधारण तेवढेच. तरी त्यातली एक जागा प्रशिक्षणाची असते आणि दुसरी कामाची. आपल्याकडून जाणाऱ्यांनी हा फरक अर्ज भरण्याआधीच समजून घ्यावा, कारण पहिल्या जागेचं दार व्हिसावर आलेल्यांना बंद असतं.

पैसा कशासाठी आलाय, तिथून सुरुवात करू. ‘टी-३२’ हे अमेरिकेच्या एनआयएचकडून (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) विद्यापीठासारख्या संस्थेला मिळणारं प्रशिक्षण-अनुदान. १९७४च्या नॅशनल रिसर्च ॲक्टमधून निघालेल्या योजनेतलं. विद्यापीठ किंवा मेडिकल कॉलेज अर्ज करतं, त्याला ठरावीक जागा मंजूर होतात आणि त्यांवर कुणाला घ्यायचं ते संस्थाच ठरवते. (याच योजनेत उमेदवाराने स्वतःच्या नावाने फेलोशिप मिळवली की ती ‘एफ-३२’.) दुसऱ्या प्रकारात पैसा संशोधनासाठी आलेला असतो. एखाद्या प्राध्यापकाला, म्हणजे पीआयला, ‘आर-०१’ ग्रँट मिळते, बऱ्याचदा पाच वर्षांची. काय शोधायचं ते त्याने अर्जातच लिहून दिलेलं असतं आणि ते पार पाडायला त्याला हाताशी माणूस हवा असतो. तो माणूस म्हणजे प्रोजेक्टवरचा पोस्टडॉक.

रोजच्या कामात हे कसं दिसतं, ते चोवीस तासांच्या ‘डाएट रिकॉल’वरून कळेल. काल दिवसभरात मुलाने काय खाल्लं, एवढंच विचारायचं असतं. ऐकायला सोपं आहे. पण अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत ही मुलाखत पाच फेऱ्यांची असते: आधी आठवेल तशी भरभर यादी, मग हमखास विसरले जाणारे पदार्थ, मग वेळ आणि प्रसंग, मग किती आणि कसं केलेलं, आणि शेवटी उजळणी. खरी गंमत दुसऱ्या फेरीत. पहिल्या यादीत ज्यूस नसतो, खेळता खेळता तोंडात टाकलेले वेफर्स नसतात. नेमकं विचारलं की निघतात. लहान मुलांच्या वतीने आई-बाबा उत्तरं देतात, आणि पाळणाघरात पोराने काय खाल्लं, काय टाकलं हे त्यांना तरी कुठे ठाऊक असतं?

प्रोजेक्टवरचा पोस्टडॉक मुलाखत घेणाऱ्यांना तयार करेल, नोंदी तपासेल, डेटा साफ करेल आणि पीआयने आधीच मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर काढेल. टी-३२वाला त्याच डेटावर स्वतःचा प्रश्न घेऊन बसू शकतो. उदाहरणार्थ, पाळणाघरातलं खाणं नोंदीतून किती निसटतं? त्यासाठी तो बायोस्टॅटिस्टिक्सचा कोर्स करेल, वर्तन-मानसशास्त्रातला दुसरा गाइड घेईल. या विषयात तशी गरजही पडते. ह्यूस्टनला कृषी खातं आणि बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन यांचं चिल्ड्रन्स न्यूट्रिशन रिसर्च सेंटर आहे. तिथे काम केलेले टॉम बरानोव्स्की यांच्यासारखे संशोधक मूळचे मानसशास्त्राचे. चौथीतल्या मुलांनी फळं-भाज्या खाव्यात म्हणून त्यांच्या गटाने चक्क व्हिडिओ गेम तयार करून शाळांमध्ये तपासला. नुसती कॅलरी मोजता येणाऱ्याला हे काम झेपणार नाही.

आता पैशाचा तपशील. २०२४मध्ये नवख्या पोस्टडॉकचा टी-३२ स्टायपेंड वर्षाला ६१,००८ डॉलर होता, आणि प्रोजेक्टवरचा पगारही अनेक विद्यापीठं एनआयएचच्या या स्टायपेंडच्या तक्त्याकडे बघून ठरवतात. पण स्टायपेंडला पगार धरत नाहीत. त्यातून सोशल सिक्युरिटी (तिथली सरकारी पेन्शनची कपात) कापली जात नाही, अनेक ठिकाणी आयकरही कापत नाहीत. कर मात्र लागतो आणि तो दर तिमाहीला आपला आपण भरावा लागतो. नोकरीतल्या काही सवलती, विशेषतः निवृत्तीसाठी संस्था घालते ते पैसे, बहुधा मिळत नाहीत. शिवाय पहिल्या बारा महिन्यांची परतफेड असते. पैशांत नव्हे, कामात: जितके महिने स्टायपेंड घेतला तितके महिने आरोग्य-संशोधन किंवा अध्यापन करायचं. दुसरं वर्ष प्रशिक्षणात काढलं की पहिलं आपोआप फिटतं. त्यामुळे टी-३२ एका वर्षात सोडणाऱ्याने आधी हिशेब मांडावा.

आणि व्हिसा. टी-३२ आणि एफ-३२ दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. पुण्या-मुंबईहून जे-१वर, म्हणजे पाहुण्या संशोधकांच्या व्हिसावर, गेलेल्याला त्यात जागा नाही, मग त्याचे पेपर कितीही चांगले असोत. जाहिरातीच्या तळाशी ही ओळ असतेच. ती आधी वाचावी, संशोधनाचं वर्णन नंतर. तिथल्या नागरिक मित्राने ‘मला टी-३२ मिळालं, तूही टाक’ म्हटलं तर त्याचा उपयोग नाही.

मग प्रोजेक्टवरची जागा दुय्यम का? मला तसं वाटत नाही, फक्त तिथे प्रशिक्षण मागून घ्यावं लागतं. अमेरिकी सरकारच्या अनुदान-नियमांतच मान्य केलंय की संशोधन-ग्रँटवरचा पोस्टडॉक कर्मचारीही असतो आणि प्रशिक्षणार्थीही. म्हणजे ‘ग्रँटच्या पैशात तुझं शिकणं बसत नाही’ हे उत्तर पूर्ण खरं नाही. मुलाखतीतच विचारावं: माझ्या प्रश्नासाठी आठवड्यातला किती वेळ मिळेल? या डेटावरचा कोणता पेपर पहिला लेखक म्हणून माझा? कोर्सची फी कोण भरेल? पहिल्या दोन्ही प्रश्नांना ‘बघू पुढे’ एवढंच उत्तर आलं तर जागा नुसत्या मजुरीची आहे असं समजायला हरकत नाही.

हे इतकं ताणून विचारायचं कारण ‘के-९९’. स्वतंत्र संशोधक होण्याची ही एनआयएचची वाट परदेशी उमेदवारांनाही खुली आहे: आधी दोन वर्षांपर्यंत गाइडच्या हाताखाली, मग प्राध्यापकाची जागा मिळाली की तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या नावावर पैसे. अट अशी की अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको. हे घड्याळ प्रोजेक्टवरच्या वर्षांनाही मोजतं. एक अर्ज नाकारला गेला तर सुधारून पुन्हा द्यायला वेळ हवा, तेव्हा पहिला मसुदा दुसऱ्या वर्षातच लिहायला घ्यावा लागतो, आणि त्यात दाखवायला स्वतःचा निदान एक पेपर लागतो.