राठवा गावांची भेट (छोटा उदेपूर)

गुजरातच्या पूर्व सीमेवर, छोटा उदेपूर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या राठवा आदिवासींच्या गावी पाहुणा म्हणून जाण्याचा प्रघात. बडोद्यातील मराठी भाषकांना हा भाग जवळचा आहे. २०१३ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तो वडोदरा जिल्ह्यातच होता. संस्थानी काळात मात्र येथे गायकवाडांचे नव्हे, तर छोटा उदेपूरच्या चौहान राजांचे राज्य होते. राठवा ही अनुसूचित जमात आहे. तिची राठवी बोली भिली बोलींच्या कुळातली असून सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूर भागातही हे लोक राहतात. जुन्या महसूल दप्तरांत अनेकांच्या नावापुढे ‘राठवा कोळी’ असे लिहिले गेल्याने ते राठवा की कोळी, असा प्रश्न उठून जमातीच्या दाखल्यांचा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे.

बडोद्याच्या प्रतापनगर स्थानकातून डभोई, बोडेली, तेजगढमार्गे छोटा उदेपूरला रेल्वेगाडी जाते. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बोडेली मागे पडली की सपाट शेतीची जागा टेकड्या, महुडे (मोह) आणि ताडाची झाडे घेतात. रेल्वेमार्ग आणि मोठा रस्ता सोडून कवांट, नसवाडीकडे वळल्यावर भाड्याच्या जीपा आणि शेवटी पायवाट. डोंगर फार उंच नाहीत. आडवळण येते ते ओढ्यांमुळे आणि वस्तीच्या विखुरलेपणामुळे. राठवा घर आपापल्या शेतात असते, काही घरांचे मिळून एक फळिये होते आणि अशा फळियांचे गाव कित्येक किलोमीटर पसरलेले असते. त्यामुळे ‘गाव कुठे आहे’ असे विचारून काही हाती लागत नाही. कोणाच्या फळियात जायचे ते आधी ठरवावे लागते आणि तेथला ओळखीचा माणूस सोबत असावा लागतो.

कधी जावे, हे मजुरीच्या फेऱ्यांवर ठरते. पावसाळ्यात मका, तूर, अडद (उडीद) यांची शेती होते. दिवाळीनंतर पुष्कळ घरांतील धडधाकट माणसे सौराष्ट्राच्या शेतांत किंवा सुरत-बडोद्याच्या बांधकामांवर निघून जातात. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी राठवा माणूस पहिल्यांदा पाहिलेला असतो तो शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर, डोक्यावर परात घेतलेला. डोंगर आणि शहर यांच्यातली खरी वाहतूक ही अशी आहे. पर्यटकांची त्यापुढे नगण्य. होळीला ही माणसे घरी परततात, म्हणून फाल्गुनातला काळ भेटीस सर्वांत योग्य.

या भेटीचे मोठे आकर्षण म्हणजे पिठोरो. भारतभर ‘पिठोरा चित्रकला’ म्हणून त्याचे नाव झाले असले, तरी राठवांच्या दृष्टीने तो देव आहे आणि भिंत हे त्याचे स्थान. घरात आजारपण आले, गुरे दगावली, मूल होईना, की कुटुंब पिठोरोचा नवस बोलते. नवस फेडायची वेळ आली की ओसरी आणि आतले घर यांमधली भिंत कुमारिका शेणमातीने लिंपतात व तिच्यावर पांढरी माती चढवतात. रंग दुधात आणि महुड्याच्या दारूत कालवले जातात. चित्र काढणाऱ्याला ‘लखारा’ म्हणतात. परंपरेने हे काम पुरुषांचेच. भिंतीवर घोड्यांच्या रांगा असतात: कोणता बाबा गणेह या देवाचा, कोणता बाबा इंद या देवाचा, मधे पिठोरोच्या लग्नाची वरात. हत्तीवरचा राजा भोज असतो, बारा डोक्यांचा धणी असतो. शेत, विहीर, ताडी काढणारा माणूस, आणि अलीकडे आगगाडी किंवा विमानही. पुढे बडवा, म्हणजे विधी करणारा जाणता, अंगात येऊन एकेक आकृती ओळखतो, तिचे नाव घेतो. काही राहिले असेल तर लखाऱ्याला ते भरावे लागते. बडव्याने मान्य केल्यावरच देव भिंतीवर आले असे मानतात. मग बकऱ्याचा बळी, गाणी, जेवण.

हे कळल्यावर पाहुण्याने कसे वागावे ते वेगळे शिकवावे लागत नाही. पादत्राणे बाहेर ठेवावीत, भिंतीला हात लावू नये, घरधन्याला विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. विधी पाहायचा असेल तर आमंत्रण हवे. पैसे देऊन तो ‘करून दाखवा’ म्हणणे हा सरळ अपमान आहे. बडोदेकराला गुजराती येत असल्याने बोलणे अडत नाही, म्हाताऱ्यांशी मात्र सोबत्याच्या मदतीने बोलावे. मक्याचा रोटला आणि अडदाची डाळ पुढे आली तर नाकारू नये. महुड्याच्या दारूचा आग्रहही होतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने आणि अडचणीत यजमानच येणार असल्याने ती नम्रपणे टाळावी.

होळीआधीचे आठवडी बाजार ‘भंगोरियो’ म्हणून भरतात. तेथे मुलामुलींची लग्ने ठरतात आणि मुली पळवल्या जातात, असे शहरी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे रंगवले. आदिवासींचा त्यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. हा सणाच्या खरेदीचा, ढोल आणि पाव्याचा बाजार आहे. धुळवडीनंतर कवांटला घेरचा मेळा भरतो. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू अशा वेषात पुरुष नाचतात. हा वेषही नवसाचाच भाग असतो.

तेजगढची आदिवासी अकादमी पहिल्या भेटीस सोयीची. भोरला जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यात भाषा संशोधन व प्रकाशन केंद्र स्थापले. अकादमी त्याच कामातून उभी राहिली. तेथे ‘वाचा’ हे संग्रहालय आहे आणि जवळच्या कोराज डोंगरावर प्रागैतिहासिक शैलचित्रे आहेत. पिठोरोचे लखारा परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता कापडावर व कागदावरही पिठोरो रंगतो. घ्यायचा असल्यास लखाऱ्याकडूनच घ्यावा, कारण मधल्या दुकानदाराकडे रंगवणाऱ्याचे नावही उरत नाही.

डोंगरपट्टा झपाट्याने बदलतो आहे. हाफेश्वरचे जुने शिवमंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आणि नर्मदाकाठची गावे उठली. छोटा उदेपूरजवळ डोलोमाइटच्या खाणी आहेत, आंबाडुंगर परिसरात फ्लोरस्पारच्या. तेथील दुर्मिळ मृदा खनिजांवरही आता लक्ष आहे. आतल्या काही फळियांना अजून मोटार जाईल असा रस्ता नाही. गरोदर बाईला झोळीत घालून खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणतात. अशाच एका बाईच्या मृत्यूची गुजरात उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्वतःहून दखल घेतली. पावसाळ्यात धबधब्यांसाठी या भागात येणाऱ्यांच्या गाड्या जेथे थांबतात, त्याच्या पुढची वाट अनेकदा हीच असते.