मिश्र चारापीक
एकदल तृणधान्य आणि द्विदल शेंगवर्गीय पीक एकाच शेतात, एकाच हंगामात वैरणीसाठी घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात खरिपात व उन्हाळ्यात मका किंवा ज्वारीबरोबर चवळी, तर रब्बीत ओटबरोबर बरसीम अशा जोड्या परिचित आहेत.

धान्ये मिसळून पेरण्याची चाल फार जुनी असावी. पण खास चाऱ्यासाठीच्या मिश्रणाचा स्पष्ट उल्लेख रोमन शेतीग्रंथांत मिळतो. इ.स.पू. ३७ च्या सुमारास रोमन लेखक व्हॅरोने जव, व्हेच (एक वेलवर्गीय शेंगपीक) आणि इतर शेंगवर्गीय पिकांच्या अशा हिरव्या चाऱ्याला ‘फॅरागो’ म्हटले आहे. हे नाव लोखंडी विळ्याने (‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड) कापण्यावरून पडले, किंवा ‘फार’ या गव्हाच्या रानात तो प्रथम पेरला गेल्यावरून, अशा दोन व्युत्पत्ती तो देतो. ‘फार’वरून झालेली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

द्विदलाच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. हा नत्र शेजारच्या मक्याला लगेच मिळतो, असे पूर्वी सर्रास मानले जाई. नत्राच्या समस्थानिकांवर आधारित प्रयोगांनंतर हा दावा सौम्य झाला : हंगामी पिकांत थेट हस्तांतर बहुधा अल्प असते. चवळी स्वतःची गरज बरीचशी हवेतून भागवते, त्यामुळे जमिनीतला नत्र मक्याला अधिक उरतो, हे स्पष्टीकरण जास्त पटणारे आहे. पुढच्या पिकाला मिळणारा ‘बेवड’ही (आधीच्या पिकामुळे जमिनीत राहणारा कस) इथे बेताचाच, कारण पाला कापून गोठ्यात जातो आणि शेतात मुळे व धसकटेच राहतात.

उत्पादनाची तुलना जमीन समतुल्यता गुणोत्तराने करतात. स्वतंत्र पिकाच्या तुलनेत मका ०·८ व चवळी ०·४ उतरल्यास बेरीज १·२ होते. म्हणजे एक हेक्टर मिश्र पिकाइतक्या चाऱ्यासाठी ही पिके वेगवेगळी घेतल्यास १·२ हेक्टर लागले असते.

मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक, अशी पेरणी करतात. ‘आफ्रिकन टॉल’सारख्या उंच मक्यावर चवळीचे वेल चढतात, वेळ साधली नाही तर ताटे लोळतात आणि विळा चालवणे जिकिरीचे होते. मका फुलोऱ्यात असताना दोन्ही एकत्र कापून कुट्टी (बारीक तुकडे) करतात. अखंड वैरण टाकल्यास जनावर आधी पाला ओढते, जाड ताटे गव्हाणीत तशीच राहतात.

ज्वारी असल्यास फुलोऱ्याआधी, विशेषतः पाण्याचा ताण पडलेली, खाऊ घालत नाहीत. कोवळ्या पोंग्यातील धुरीन या द्रव्यापासून विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊन जनावराला ‘किराळ’ लागते, म्हणजे विषबाधा होते. चवळी मिसळली तरी हा धोका जात नाही. मुरघासात (हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्यात) द्विदलाचे प्रमाण बेताचे ठेवतात, कारण त्यात शर्करा कमी असते आणि आम्लता लवकर चढत नाही.